लातूरच्या डाळमिलला कामगारांच्या नोंदींसाठी परवडणारा डेटाबेस कोणता?

प्रश्न थोडक्यात असा: लातूर भागातली डाळमिल. 35 कायम कामगार, तुरीची आवक सुरू झाली की जानेवारीपासून आणखी 60 हंगामी. सगळ्या नोंदी एक्सेलच्या एकाच फाईलीत, ती ऑफिसातले दोघं आणि हिशेबनीस आळीपाळीने उघडतात. हिशेब टॅलीत. वर्षाला 15-20 हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. कोणतं डेटाबेस सॉफ्टवेअर घ्यावं?

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. पगार टॅलीतच करा. टॅलीप्राईममध्ये पगाराची सोय मूळ परवान्यातच येते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. कामगारांच्या मूळ नोंदींसाठी ऑफिसातल्या एका संगणकावर मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर बसवा (नोंदी त्यात साठतात, बाकीचे संगणक त्याला जोडतात) आणि भरायच्या फॉर्मसाठी लिब्रेऑफिस बेस हा प्रोग्राम वापरा. दोन्ही फुकट आहेत, चोरीची प्रत वापरायची गरज नाही. तुमच्याकडे मायक्रोसॉफ्ट 365 चा बिझनेस स्टँडर्ड परवाना आधीच असेल तर त्यात ॲक्सेस हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम येतो, तो वापरला तरी चालेल. ठरवलेले पैसे यूपीएस, दोन बाह्य हार्ड डिस्क आणि डेटाबेसचे तक्ते (टेबल) बांधून देणाऱ्या माणसाच्या मजुरीवर घाला.

‘एवढ्या माणसांना फुकटचं सॉफ्टवेअर पेलेल का’ ही भीती काढून टाका. 100 माणसांची रोजची हजेरी म्हणजे वर्षाला 36,500 ओळी, दहा वर्षांत 3 लाख 65 हजार. मारियाडीबीसाठी हा आकडा किरकोळ आहे. 4 जीबी रॅमचा जुना संगणकही तो सहज ओढतो. डेटाबेस फुगतो तो आधार-पासबुकाचे स्कॅन त्याच्या पोटात कोंबल्यामुळे. ॲक्सेसच्या फाईलीला 2 जीबीची मर्यादा आहे आणि मोबाईलवर काढलेले फोटो सरळ आत टाकले तर ती वर्ष-दोन वर्षांतच गाठली जाऊ शकते. स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तक्त्यात फक्त फाईलीचा पत्ता लिहा.

एक्सेल अडतं कुठे हे पाहिलं की डेटाबेसकडून नेमकं काय हवं ते कळतं. एक्सेल आकड्यातले पहिले 15 अंकच खरे धरतं. 16 अंकी खाते क्रमांक टाकला की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर पुढची शून्यं उडतात. 12 अंकी आधार किंवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) साध्या रकान्यात ‘ई’ असलेल्या वैज्ञानिक रूपात दिसतो, आणि तशीच फाईल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाईल) म्हणून जतन केली तर ते दिसणारं रूपच जतन होतं, मूळ अंक गेले. पण सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे: एक्सेलमध्ये एका माणसाची एक ओळ असते. पगार वाढला की जुना आकडा पुसून नवा लिहितात, आणि ‘ऑगस्टमध्ये याचा मूळ पगार किती होता’ या प्रश्नाला फाईलीत उत्तर उरत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी कागदावर तक्ते आखा. यात चूक झाली तर महागडं पॅकेजही हात देत नाही.

पहिला तक्ता माणसाचा. त्यात जे सहसा बदलत नाही तेवढंच: तुमचा स्वतःचा कामगार क्रमांक, आधारवर आहे तसं इंग्रजी स्पेलिंगमधलं नाव, मराठीतलं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, लिंग, जन्मतारीख, आधार क्रमांक, यूएएन, ईएसआयसीचा (कामगार विमा महामंडळाचा) 10 अंकी विमा क्रमांक, पॅन. मोबाईल नंबरला यूएएनसारखा मान देऊ नका, हंगामी माणसं सिमकार्डं बदलतात. कामगार क्रमांक एकदा दिला की माणूस गेला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. आधार, यूएएन, पॅन, खाते क्रमांक हे सगळे रकाने ‘मजकूर’ प्रकारचे ठेवा. ज्याची बेरीज-वजाबाकी करत नाही ती गोष्ट आकडा म्हणून साठवायची नाही.

एकच माणूस दोनदा घातला जातोय का हे तपासायला नाव आणि जन्मतारखेची जोडी बहुतेक जण वापरतात. आपल्याकडे ती चालत नाही. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली 1 जून ही तारीख गावातल्या बऱ्याच लोकांच्या दाखल्यावर असते, आणि एकाच वर्षी 1 जूनला जन्मलेले दोन शेख किंवा दोन जाधव एका मिलमध्ये सापडणं नवलाचं नाही. दुबार नोंद यूएएन आणि आधारवरून पकडा. आधारच्या बाराव्या अंकात तपासणीचं सूत्र असतं आणि आधार क्रमांक 0 किंवा 1 ने सुरू होत नाही. एवढी तपासणी फॉर्मला लावली तर टायपिंगच्या बहुतेक चुका जागीच अडतात.

दुसरा तक्ता नोकरीच्या टप्प्यांचा, आणि हंगामी कामात सगळं यावरच चालतं. रकाने: कामगार क्रमांक, कामावर आल्याची तारीख, सोडल्याची तारीख, विभाग, हुद्दा, प्रकार (कायम, हंगामी, ठेकेदारामार्फत), सोडण्याचं कारण. जानेवारीत आलेला माणूस मे महिन्यात गेला आणि पुढच्या जानेवारीत परत आला, तर माणूस तोच, क्रमांक तोच, फक्त या तक्त्यात नवी ओळ. बहुतेक ठिकाणी दर हंगामाला त्याला नवा माणूस म्हणून घालतात. चार वर्षांत त्याच्या चार नोंदी, नावाची चार स्पेलिंगं आणि दोन यूएएन होतात, मग पीएफ काढायच्या वेळी घोडं पेंड खातं. ग्रॅच्युइटीचा प्रश्नही इथेच सुटतो. कापसाच्या जिनिंगसारख्या हंगामी आस्थापनेत ग्रॅच्युइटी दर हंगामाला 7 दिवसांच्या वेतनाने मोजतात, बारमाही आस्थापनेत दर वर्षाला 15 दिवसांच्या. कोण किती हंगाम होतं हे टप्प्यांच्या तक्त्याशिवाय सिद्ध करता येत नाही. माथाडी मंडळामार्फत येणारे हमाल मात्र या तक्त्यात घालू नका. त्यांची मजुरी मंडळात भरायची असते, त्यांची यादी वेगळी ठेवा.

तिसरा तक्ता पगारदराचा: कामगार क्रमांक, ‘या तारखेपासून लागू’, मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, इतर. वाढ झाली की नवी ओळ. जुन्या ओळीला हात लावायचा नाही, आणि तशी परवानगीच ऑपरेटरला द्यायची नाही.

चौथा बँक खात्याचा, तोही तारखेसह. स्टेट बँक ऑफ हैदराबाद 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा मराठवाड्यातल्या हजारो खात्यांचे आयएफएससी बदलले. जुना कोड पुसून टाकलेल्या फाईलीत आधीचा पगार कुठे गेला ते दिसत नाही. आयएफएससी 11 अक्षरांचा आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य. तिथे ‘ओ’ टाइप होतो, ती तपासणी लावा. खाते क्रमांक दोन माणसांना सारखा असेल तर अडवू नका, फक्त इशारा द्या. नवरा-बायको दोघंही मिलमध्ये असतात आणि खातं एकच असतं.

मग हजेरी, रजा, उचल, कागदपत्रं आणि सुट्ट्या. उचलीचा तक्ता खतावणीसारखा ठेवा: तारीख, दिली किंवा कापली, रक्कम, सही घेतलेल्या पावतीचा क्रमांक. ‘शिल्लक’ असा रकाना मुद्दाम ठेवू नका, ती बेरजेतून काढा. हाताने लिहिलेली शिल्लक आणि खरी शिल्लक दिवाळीपर्यंत कधीच जुळत नाहीत. सुट्ट्यांच्या तक्त्यात 17 सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन स्वतः घाला. तयार पॅकेजातल्या यादीत तो असेलच असं धरून चालू नका.

हजेरीचं मशीन असेल तर दोन ठिकाणी गाडी अडते. मशीनमधला नोंदणी क्रमांक आणि तुमचा कामगार क्रमांक वेगळे असतात. दोन्हींची सांगड घालणारा छोटा तक्ता ठेवा, त्यातही ‘पासून-पर्यंत’ तारखा हव्यात, कारण मशीनमधला रिकामा झालेला क्रमांक पुढच्या हंगामात दुसऱ्याला देतात. आणि रात्रपाळीत आत येण्याची नोंद एका तारखेला, बाहेर जाण्याची दुसऱ्या तारखेला पडते. तारखेवर जोडी लावली तर रात्रपाळीवाला दोन्ही दिवस अर्धा हजर दिसतो. जोडी पाळीच्या सुरुवातीपासून पुढच्या 14-16 तासांत शोधायची.

शेवटचा तक्ता दरांचा, आणि तो लोक हमखास विसरतात. पीएफ 12 टक्के, त्यासाठी 15,000 ची वेतनमर्यादा; ईएसआय कामगाराचे 0.75 आणि मालकाचे 3.25 टक्के, मर्यादा 21,000. व्यवसाय कर पुरुषांना 7,500 पर्यंत काही नाही, 10,000 पर्यंत 175, त्यावर 200 आणि फेब्रुवारीत 300. महिलांना 1 एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत माफ. हे आकडे सूत्रात कोरून ठेवू नका, ‘या तारखेपासून’ सह तक्त्यात ठेवा. 21 नोव्हेंबर 2025 ला चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात वेतनाची व्याख्याच बदलली: भत्ते एकूण मोबदल्याच्या 50 टक्क्यांवर गेले तर वरची रक्कम वेतनात धरायची. ज्यांची सूत्रं रकान्यांत पुरलेली होती त्यांना प्रत्येक शीट उकरावी लागली.

पगार टॅलीत होणार असला तरी दोन गोष्टी या डेटाबेसमधून काढून हिशेबनिसाला द्या. ईएसआयचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मध्येच एखाद्याचा पगार 21,000 च्या वर गेला तरी कालावधी संपेपर्यंत तो वर्गणीत राहतो. त्या महिन्यापासून कपात बंद करणं चूक. दुसरी, 58 वर्षं पूर्ण होणाऱ्यांची यादी. त्या वयानंतर मालकाच्या हिश्श्यातली 8.33 टक्क्यांची पेन्शनची रक्कम पेन्शन खात्यात जात नाही, सगळी पीएफमध्ये जाते. जन्मतारीख चुकली की इथे चलान चुकतं.

आता सॉफ्टवेअरांकडे वळू.

ॲक्सेस हाताळायला सगळ्यात सोपं. पण फाईल दोन भागांत तोडा: तक्त्यांची फाईल एका संगणकावर, फॉर्मची फाईल प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी. सगळ्यांनी एकच फाईल उघडली की आज ना उद्या ती बिघडते. जोडणी वायरची हवी. लिहिता लिहिता वायफाय तुटलं तर तक्त्यांची फाईल खराब होऊ शकते. ती फाईल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये तर कधीच ठेवू नका. तारखांचंही सांभाळा: ॲक्सेसच्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) एसक्यूएल भाषेत 05/06/2025 हाताने लिहिलं तर ते 6 मे धरलं जातं, 5 जून नाही. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी द्या.

लिब्रेऑफिस बेस नवीन फाईल करताना डेटा आपल्याच फाईलीच्या आत ठेवायला सुचवतं. ते नको. तो डेटा फाईल जतन होईपर्यंत तात्पुरत्या जागी असतो, मध्येच लाइट गेली तर फाईल फाटते. त्याऐवजी ‘असलेल्या डेटाबेसला जोडा’ निवडून मारियाडीबी द्या. जोडणीचा ड्रायव्हर (दोघांना जोडणारा छोटा प्रोग्राम) लिब्रेऑफिसमध्येच असतो, वेगळा शोधावा लागत नाही. आणि प्रत्येक तक्त्याला प्राथमिक कळ (प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीला वेगळी ओळख देणारा रकाना) हवीच, नाहीतर बेसमध्ये तक्ता दिसतो पण त्यात भरता येत नाही. ‘फॉर्म गोठलाय’ अशी तक्रार आली की पहिल्यांदा हेच पाहा.

एसक्यूलाइट हा एकाच फाईलीत मावणारा डेटाबेस उत्तम आहे, एकच माणूस एकाच संगणकावर भरत असेल तर. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवून तिघांनी वापरायला मात्र ते बनलेलं नाही, एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणारी कुलूपबंदी नीट होत नाही. एअरटेबल या ऑनलाइन तक्त्यांच्या सेवेच्या फुकट योजनेत एका बेसला 1,000 नोंदी. 95 माणसांची हजेरी त्यात दोन आठवडेही मावत नाही. फ्रॅपे एचआर हे कामगार-पगाराचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आणि भारतीय पगारपद्धतीला जवळचं आहे, पण त्याला लिनक्स सर्व्हर लागतो आणि अपडेट करणारा माणूस लागतो. 300 च्या वर कामगार असतील तर त्याचा विचार करा. तुमच्याकडे ते सांभाळायलाच वेगळा पगार द्यावा लागेल.

दरमाणशी-दरमहा घेणारी क्लाउड पॅकेजं वाईट नाहीत, तुमच्या घडणीला ती महाग पडतात. समजा दर माणशी महिना 50 रुपये. 95 माणसांचे वर्षाला 57,000. हंगाम संपल्यावर 60 जण ‘निष्क्रिय’ केले तर त्यांचे पैसे थांबतात का, आणि त्यांच्या जुन्या नोंदी पाहता येतात का, हे लेखी विचारा. तिसरा प्रश्न: सोडून जायचं ठरवलं तर पगारवाढीच्या इतिहासासकट सगळे तक्ते सीएसव्हीत मिळतील का? ‘रिपोर्ट पीडीएफमध्ये निघतो’ हे त्याचं उत्तर नव्हे.

मारियाडीबी बसवताना विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये दोन चौकोन महत्त्वाचे. यूटीएफ-8 (मराठीसह सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) हा मूळ अक्षरसंच ठेवण्याच्या चौकोनात खूण करा, म्हणजे मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येणार नाहीत. मुख्य वापरकर्त्याला दुसऱ्या संगणकावरून प्रवेश देण्याच्या चौकोनात खूण करू नका. दोघा ऑपरेटरांना आणि हिशेबनिसाला वेगवेगळी वापरकर्ता नावं काढा. हिशेबनिसाला फक्त वाचायची परवानगी पुरते. फायरवॉलमध्ये 3306 हे पोर्ट (मारियाडीबीला जोडण्याचं दार) फक्त ऑफिसच्या नेटवर्कपुरतं उघडा, आणि राउटरमध्ये त्या संगणकाचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करा. नाहीतर एखाद्या सकाळी राउटर बंद-चालू झाल्यावर ‘डेटाबेस उडाला’ म्हणून फोन येतो, आणि बदललेला असतो फक्त पत्ता.

मराठी टायपिंगबद्दल. जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर त्या तशाच आत आणू नका. त्या फॉन्टमध्ये दिसतं मराठी, पण साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. शोध आणि क्रमवारी दोन्ही चालत नाहीत. आधी युनिकोडमध्ये बदला, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, बदलणाऱ्या साधनांची चूक नेमकी तिथे होते. मराठी नावांची सीएसव्ही एक्सेलमध्ये नुसती दोनदा टिचकी मारून उघडली की गिचमिड दिसते. डेटा खराब झालेला नसतो, पण तशी फाईल पुन्हा जतन केली तर होतो. ती ‘डेटा’ मेनूतून, यूटीएफ-8 निवडून आत घ्या. पत्त्यातला जिल्हा हाताने टाइप करू देऊ नका. 2023 च्या नामांतरामुळे कागदांवर औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव अशी दोन्ही नावं आहेत. जिल्ह्यांची यादी वेगळ्या तक्त्यात ठेवून संकेतांकाने जोडा.

डेटा हलवण्याचं काम हंगाम सुरू होण्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरका. एक्सेलमधले क्रमांकांचे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करून सगळे खाते क्रमांक पासबुकाशी ताडून पाहा. उडालेली शून्यं नुसता प्रकार बदलल्याने परत येत नाहीत. आधी 35 कायम कामगार घाला. एक पूर्ण महिना दोन्हीकडे नोंदी ठेवा आणि महिनाअखेर माणसांची संख्या, हजर दिवसांची बेरीज, एकूण पगार आणि उचलीची शिल्लक असे चार आकडे जुळवा. पीएफची ईसीआर फाईल (पोर्टलवर चढवायचं महिन्याचं विवरण) 11 रकान्यांची असते आणि रकान्यांमध्ये #~# हे चिन्ह लागतं. टॅलीतून निघालेल्या ईसीआरमधले यूएएन आणि नावं तुमच्या तक्त्याशी एका क्वेरीने ताडली तर पोर्टलवर नाकारल्या जाणाऱ्या ओळी आदल्या दिवशीच सापडतात. भरण्याची मुदत 15 तारखेची, त्यामुळे ही पडताळणी 10 पर्यंत करा.

लाइट जाणं आपल्याकडे गृहीतच धरा. मारियाडीबीचा डेटा साठवणारा मूळ भाग अचानक बंद पडल्यावर स्वतःला सावरतो, तरी यूपीएस हवाच. इन्व्हर्टर असेल तर तो ‘यूपीएस’ मोडवर आहे का पाहा. साध्या मोडवर बदल व्हायला वेळ लागतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. बॅकअप म्हणजे चालू डेटाबेसचं फोल्डर कॉपी करणं नव्हे, ती प्रत बहुधा उघडतच नाही. मारियाडीबीचा डंप आदेश (सगळे तक्ते एका फाईलीत उतरवणारा) विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रोज संध्याकाळी, ऑफिस बंद होण्याआधी लावा. दोन हार्ड डिस्क आठवड्याआड बदला: एक ऑफिसात, एक मालकाच्या घरी. प्रत झाली की डिस्क काढून ठेवायची, कारण खंडणीचा व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून कामगारांची संख्या मोजा.

आधारच्या बाबतीत हात आखडता ठेवा. जिथे पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे पहिले 8 अंक झाकलेली प्रतच ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे, आणि कामगारांची माहिती सांभाळायची जबाबदारी मालकाची. डेटाबेस ज्या संगणकावर आहे त्याची डिस्क कूटबद्ध करा. विंडोज होममध्ये त्यासाठीच्या बिटलॉकरची पूर्ण सोय नसते, तिथे तेच काम करणारं व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. स्कॅनची फोल्डरं व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायची सवय मात्र कोणतंही सॉफ्टवेअर मोडू शकत नाही, ती तुम्हालाच मोडावी लागेल.

तक्ते बांधायला गावातलाच कोणी घ्या, बिघडलं तर येऊ शकेल असा. काम मोठं नाही: 11-12 तक्ते, 4 फॉर्म (नवा कामगार, पगारवाढ, उचल, कामावरून कमी) आणि 5-6 अहवाल. पैसे तीन हप्त्यांत द्या, शेवटचा हप्ता एक महिना दोन्हीकडचे चार आकडे जुळल्यावर. कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: मुख्य पासवर्ड बंद पाकिटात मालकाकडे राहील, तक्त्यांचा आराखडा छापून मिळेल, बॅकअप उघडून दाखवला जाईल, आणि फॉर्मची मूळ फाईल कुलूप न लावता मिळेल. शेवटच्या अटीवर कुरकुर करणारा असेल तर दुसरा माणूस पाहा.